नाव बदललं की झालं

सहदेवाला लाज म्हणून नाही. माझ्याच ओटीवर मांडी ठोकून बसतो, माझाच चहा बशीत ओतून फुर्र फुर्र पितो, डॉक्टर झाला तरी मिशी सदऱ्याच्या बाहीलाच पुसतो, आणि वर मलाच विचारतो, "काकी, सुंदरा बरी हाय ना?" जिचा संसार ह्याच्या जिभेनं मोडला, तिचीच चौकशी! सुंदरा माझी धाकटी लेक. ती आत चुलीपाशी होती. तिनं ते ऐकलं आणि हातातली फुंकणी खाली ठेवली. तेवढाच काय तो आवाज झाला.

मी म्हटलं, "बरी हाय. तुझ्या कृपेनं माहेरी हाय."

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बशीत उरलेला चहा ओतला.

हा सहदेव म्हणजे नदीपल्याडच्या भिवाजीचा मुलगा. भिवाजी आणि आमचे मालक एका पंगतीला बसणारे. पोरगं हुशार निघालं, मुंबईला जाऊन डॉक्टर झालं, तेव्हा आमच्या घरानंही पेढे वाटले. पुढं त्याला डॉक्टरकीच्याही वरची परीक्षा द्यायची होती. तिला पीएचडी म्हणतात. त्यात सुई नाही, नळी नाही. घरोघर जायचं, माणसांपुढं बसायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. त्याच्या कॉलेजातल्या मोठ्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "आजी, दुखणं एकाला होतं, पण भोगतं सगळं घर. घर काय भोगतं ते आम्हाला ऐकायचंय." बाईंचं बोलणं खोटं नव्हतं. मला पटलं. पटलं म्हणूनच ओटी दिली, नाहीतर आमच्या ओटीवर उपरा माणूस पान खाण्यापुरताही टेकत नाही.

बोलतं करायची कला मात्र सहदेवाच्या अंगात आहे, ते मी नाकारत नाही. भाकरी करपली म्हटलं तर हा मान तिरकी करून विचारणार, "करपली म्हणजे?" आणि मग गप्प. नुसता बघत बसणार. समोरच्याला ती शांतता सोसत नाही. काहीतरी बोलून तो ती भरतो, आणि भरता भरता पोटातलं सगळं ओततो. हे त्यानंच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. "काकी, आपण गप्प बसायचं. माणूस आपसूक बोलतो."

सुंदरा तेव्हा माहेरपणाला आली होती. लग्नाला वर्ष होत होतं. हिला लहानपणी फेफरं यायचं. एकदा चुलीजवळ आलं आणि उजवा हात निखाऱ्यात गेला. मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहे. कर्जतच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि फेफरं थांबलं ते थांबलंच. न्हातीधुती झाल्यावर एकदाही आलं नाही. पण गोळी सुटली नव्हती. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. पोर ती गोळी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची आणि तांदूळ निवडताना तोंडात टाकायची. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, जावेला सांगितलं नाही. सहदेवाला सांगितलं. का? तर तो गप्प बसला होता म्हणून. वर म्हणाला होता, "ताई, कुनाला कळायचं नाय. नाव बदलतो आमी."

सुंदरा सासरी परतली, आणि मग हा बाबा रसायनीला गेला. तिथल्या एका कारखान्याच्या वसाहतीत बायकांचा मेळावा होता. आरोग्यावर भाषण कर म्हणून ह्याला बोलावलेलं. भाषणात ह्यानं गोष्ट सांगितली. मंदा नावाची एक नवी नवरी, कर्जतकडची, भाऊ टेंपो चालवतो, उजव्या हाताला भाजल्याचा लांब डाग, सासरा कारखान्यात पाळीवर जातो, आणि ही बिचारी तांदळाच्या डब्यात गोळी लपवते. लपवून लपवून घर कसं आजारी पडतं बघा, असं बोलला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्या ओळीला माझी विहीण बसली होती. हातात चिवड्याचा कागद. ती उठून घरी गेली आणि तिनं तांदळाचा डबा परातीत पालथा केला.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी सुंदरा माझ्या दारात. अंगावरच्या लुगड्यानिशी. आमची बाजू मांडायला गेलो तर त्यांचा वकील म्हणाला, फेफरं लपवून लावलेलं लग्न कायदाच धरत नाही. असेल कायदा. कायदा करणाऱ्याच्या घरी लेक नसेल.

माझा थोरला गजा टेंपो घेऊन तडक मुंबईला गेला. सहदेवाची गचांडी धरायलाच गेला होता, पण ह्यानं त्याला खुर्ची दिली, थंड पाजलं आणि म्हणाला, "गजाभाऊ, मी सुंदराचं नाव कुठं घेतलं? मंदा म्हनलो. नाव बदललं की झालं, आमचा नेमच हाय तसा."

नाव बदललं की झालं! अरे, तू ह्याच मातीतला ना? आमच्याकडं बाईला नावानं ओळखतंय कोण? लग्नाच्या दिवशी तांदळात बोटानं नवं नाव काढतात आणि जुनं जातं. माझं माहेरचं नाव घेणारं आज कुणी जितं नाही. आधी मी शेलूवाली, मग पाटलांची मधली, मग गजाची आई. रेशनकार्डावर गौराबाई आहे, तिला गावात कुणी पाहिलेली नाही. नाव काढून घेतलंस तर आमचं काडीचं जात नाही. कुणाची लेक, कुणाची बहीण, हाताला डाग कसला, हेच आमचं नाव. ते सगळं तू शाबूत ठेवलंस, आणि जे कुणाला ठाऊक नव्हतं तेवढं बदललंस. मुंबईच्या माणसानं ही चूक केली असती तर मी सोडून दिली असती. ह्यानं पेज नदीचं पाणी पिऊन केली.

तर असा हा सहदेव, भातं झोडून झाली होती तेव्हा, बशी खाली ठेवून म्हणाला, "काकी, एक काम होतं. मोठ्या बाई नवी पोरं घेऊन येतायत. पीएचडीची. लोकांशी बोलायचं कसं ते त्यांना शिकवायचं. पुस्तकातून जमत नाय, समोर बसून दाखवावं लागतं. तुमच्यासारखं बोलणारं मानूस दुसरं नाय. मी तुमाला इचारायचं, तुमी बोलायचं, पोरं बघतील."

"आनि मग?"

"मग काय? बाई आता रिटायर होनार. हे नीट पार पडलं तर पुढल्या सालापासून पोरांना शिकवायचं सगळं माझ्या हातात."

"म्हंजे ती पोरं तुझ्यासारखं शिकून घरोघर हिंडनार?"

"हो की!" त्याला वाटलं मी कौतुकानं विचारते.

मी म्हटलं, "घेऊन ये. जेवूनच जा म्हनावं."

तो गेल्यावर गजा माझ्या अंगावर आला. "आये, डोकं फिरलंय काय तुझं? ह्याला ओटीवर घेतीस?"

"फिरलं नाय रं. आत्ताच जाग्यावर आलंय."

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. चार शिव्या द्याव्यात, पोरांसमोर पाणउतारा करावा, एवढंच मनात. पण शिव्यांनी ह्याचं काय झालं असतं? हसून म्हणाला असता, बघा, शोकातला माणूस रागावतो. शिवीसुद्धा भाषणात घातली असती. मला त्याला त्याच्याच मापानं मोजायचा होता. आणि ते माप मला हिरूनं आणून दिलं.

हिरू शेलूची, माझ्या माहेरच्या भावकीतली. मला आत्या म्हणते. सहदेवाची लग्नाची बायको. भिवाजीनं पोरगं मुंबईला जायच्या आधीच लग्न उरकून टाकलं होतं. लग्नाला आम्ही सगळे होतो, अक्षता मी टाकल्यात. सहदेव मुंबईला राहिला, हिरू सासरी. सासूला लकवा झाला तेव्हापासून तिचं उठवणं, बसवणं, धुणं, पुसणं सगळं हिरूच्या हातानं. नवरा सणावाराला येतो आणि आईच्या पायाला हात लावून जातो.

सहदेव येऊन गेल्यावर दोन दिवसांनी ती माझ्याकडं वालाच्या शेंगा घेऊन आली आणि शेंगा सोलता सोलता एकदम रडायला लागली. मी सहदेवाचीच युक्ती केली. गप्प बसले. मग आपसूक आलं बाहेर. मोठ्या बाई गाव बघायला आल्या होत्या, जेवायला सहदेवाच्या घरी. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, सगळं हिरूनं केलं, हिरूनं वाढलं. बाईंनी विचारलं, "ह्या कोण?" आणि हा म्हणाला, "आमच्याकडं सैपाकाला असते. आईचंही बघते." कॉलेजात ह्यानं सांगून ठेवलंय म्हणे, लग्न केलं नाही, संशोधनाला वाहून घेतलंय. बाई भल्या. जाताना त्यांनी हिरूच्या मुठीत नोट कोंबली. हिच्याच घरात, हिच्याच उंबऱ्यावर, हिला बक्षिसी.

"ती नोट कुठं हाय?" मी विचारलं.

"ठेवलीय. खर्चवंना."

सुंदरा बाजूलाच होती. तिला माझं मन लगेच कळतं. म्हणाली, "आये, मला उघडं पाडलं तसं हिला पाडू नको. तुझा राग ह्याच्यावर, आनि नागवी होनार हिरू."

लेक माझी आहे, पण त्या क्षणी ती माझ्याहून मोठी वाटली. मी शेंगांची परात सरकवली आणि हिरूला म्हटलं, "हे बघ गं. ही गोष्ट मला चारचौघांत सांगायचीय. तुझ्या नवऱ्यासमोर, त्याच्या बाईसमोर. तू नाय म्हनलीस तर हे तोंड उघडायचं नाय. आनि हो म्हनायच्या आदी इचार कर, मागनं घरात तुलाच ऱ्हायचंय."

हिरूनं नाक पुसलं. हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले. मग म्हणाली, "सांग, आत्या. पन मी तिथं पायजे. मागं बसंन."

ठरल्या दिवशी पोरं आली. मुली होत्या, मुलगे होते, एक चष्मेवाली तर आमच्या सुंदराच्या वयाची. मी खळं सारवून घेतलं होतं, ओटीवर घोंगड्या. हिरू सकाळीच मागल्या दारानं येऊन माजघरात सुंदराजवळ बसली होती. मोठ्या बाई खांबाला टेकल्या आणि पोरांना म्हणाल्या, "तुम्ही मध्ये बोलायचं नाही. सर कसं विचारतात, कुठं थांबतात, तेवढं बघा."

सहदेव माझ्यापुढं बसला, माझ्याहून खालच्या पायरीवर. तोही त्यांचा नेम. मान तिरकी. "काकी, घरात कुनी अंथरुनाला खिळलं तर त्याचं कोन करतं? मनमोकळं सांगा."

"मनमोकळं?"

"अगदी."

"मग एका घराचं सांगते. पन नाव बदलून हं. तुमचा नेम हाय ना?"

तो खुलला. पोरांकडं वळून म्हणाला, "बघा, काकींना किती समज आहे. नाव बदललं की माणूस निर्धास्त बोलतो."

"तर मानसाचं नाव धरा दत्तू," मी म्हटलं. "दत्तूच्या आयशीला लकवा झाला. डावं अंग गेलं. आता तिचं करतं कोन, तर दत्तूची बायको. पहाटं उठून म्हातारीला न्हानीत नेती, भरवती, पाठीला जखम होऊ नये म्हनून कुशी बदलती. म्हातारी रागानं चावती तिला. तरी करती."

"हं," सहदेव म्हणाला. "चावते म्हणजे?"

"दातानं. आता दत्तूचं ऐका. दत्तू शिकलेला. मुंबईला असतो. लोकांची दुखनी ऐकायची नोकरी हाय त्याला. दुसऱ्याच्या घरी जाऊन इचारतो, तुमच्या घरात कोन कुनाचं करतं. पन सोताच्या घरात कोन करतं ते त्यानं कुनाला सांगितलंच नाय."

सहदेवाची मान सरळ झाली. पोरं खाली मान घालून लिहीत होती.

"दत्तूकडं एकदा पाव्हने आले. मोठी मानसं. बायकोनं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीचं कालवन केलं. पाव्हन्यांतल्या एक बाई, लई भल्या, त्यांनी इचारलं, ह्या कोन? तर दत्तू म्हनतो, सैपाकाला असते."

चष्मेवालीचं लिहिणं थांबलं. मग दुसऱ्याचं. मोठ्या बाई खांबापासून पुढं झाल्या. त्यांच्या कपाळावर आठी आली. भाकरी कुणाची खाल्ली ते माणूस विसरत नाही.

"त्या भल्या बाईंनी जाताना तिच्या मुठीत बक्षिसी दिली," मी म्हटलं. "एवढं बोलून माझं झालं."

आणि मी गप्प बसले.

सहदेवानं शिकवलं होतं तशीच. नजर त्याच्यावर, हात मांडीवर. खळ्यात कोंबडी दाणे टिपत होती, तिची नखं ऐकू येत होती. पोरं सरांकडं बघत होती, कारण आता सर काय विचारतात ते त्यांना शिकायचं होतं. सर काही विचारीनात. सरांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. मिशी बाहीला पुसली. मी गप्पच. मला घाई नव्हती. माझी लेक घरात बसून होती, ती कुठं जाणार नव्हती.

शेवटी त्याला सोसलं नाही. "काकी, मी असं म्हनलोच नाय! सैपाकाचं बघते म्हनलो मी! सैपाकाचं बघते आनि सैपाकाला असते ह्यात फरक हाय! बाई, तुम्ही सांगा ना, मी काय म्हनलो होतो?"



"अरे, तू का तापतोयस?" मी म्हटलं. "मी दत्तूचं सांगत होते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "सहदेव, त्या तुमच्या पत्नी आहेत?"

"बाई, ते… लहानपणीचं लग्न… तसं म्हणजे…"

"तसं म्हणजे?" चष्मेवाली बोलली. मध्ये बोलायचं नाही हे ती विसरली, का मुद्दाम बोलली, देव जाणे. मला ती पोर आवडली.

मग बाई माझ्याकडं वळल्या. आवाज कडक होता, आणि रास्त होता. "आजी, ही त्या बाईंची गोष्ट आहे. तुम्ही त्यांना न विचारता सांगितलीत?"

"हिरू," मी हाक मारली, "भायेर ये गं."

हिरू माजघरातून आली. पदर डोक्यावर, पण मान वर. तिनं बाईंसमोर घोंगडीवर ती नोट ठेवली, अजून तशीच चुरगळलेली. "बाई, तुमचं मन मोठं. पन ही मला नको. मी कामाची बाई नाय, ह्यांची लग्नाची बायको. आत्यानं मला इचारलं, मी हो म्हनलं, म्हनून सांगितलं."

तिच्या मागं सुंदरा उंबऱ्यात उभी राहिली. तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि दाराच्या चौकटीवर ठेवला. डाग सगळ्यांना दिसला.  तिच्याऐवजी मी सांगितलं, ही मंदा, रसायनीच्या मेळाव्यातली. हिला विचारलं नव्हतं. आणि मग मेळाव्यात काय झालं, डबा कुणी पालथा केला, सगळं. बाई ऐकत राहिल्या. पूर्ण ऐकलं. मग त्यांनी ती नोट उचलून पदराला बांधली आणि पोरांना म्हणाल्या, "आजचा धडा झाला. वह्या मिटा." मग सहदेवाकडं न पाहताच त्याला म्हणाल्या, "पुढच्या वर्षाचं आपण ठरवलं होतं ते मी रद्द करते. आणि रसायनीला मी स्वतः जाईन. तुम्ही माझ्याबरोबर याल, आणि त्या घरात बोलणार तुम्ही."

रसायनीला जाऊन माझ्या लेकीचं घर परत मिळेल असं मला वाटत नाही. विहीण मी ओळखून आहे. पण मिळो न मिळो, ते नंतरचं.

सहदेव पायरीवरून उठला. चेहरा राखेसारखा. खळ्याच्या कडेला वहाणा शोधत होता, त्या त्याच्या पायासमोरच होत्या. मग माझ्याकडं वळला आणि दात आवळून म्हणाला, "काकी, मुद्दाम केलंत. सूड घेतलात. तालुक्यात माझं नाव राहिलं नाय आता."

मी उठले. गुडघे दुखतात, तरी हात न टेकता उठले. पोरं होती, बाई होत्या, हिरू होती, माझी सुंदरा उंबऱ्यात होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोलले.

"घेतला. आनि गोड लागला. नाव गेलं म्हनून रडतोस? आमच्या बायांचं कवाच गेलंय, आमी मेलो नाय. तुला दुसरं देते. आजपासनं ह्या तालुक्यात तू डॉक्टर नाय, भिवाजीचा सहदेव नाय. तू हिरूचा नवरा. ज्या उंबऱ्यावर जाशील तिथं आदी हेच सांगायचं, हिरूचा नवरा आलाय, आत येऊ का. ती हो म्हनली असंल तर लोक पानी देतील. नाय म्हनली असंल तर तहानलेला जा."